तीनशे अठ्ठावीस डिग्री

लिपनित्साच्या घाटात जूनच्या तिसऱ्या रविवारी गाड्यांची शर्यत असते. त्या रविवारी सकाळी सात वाजता वीदोये मिस्त्री घाटाच्या पायथ्याशी, तंबूतल्या टेबलामागे बसून, आपण यंदा इथे आलोच कशाला असा विचार करत होता. वय एकसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. घरी बायको स्तोयांका खुब्याचं ऑपरेशन होऊन पडलेली. तिला रात्रीतून चार वेळा कूस बदलून द्यावी लागे, आणि ती बाई स्वतःहून हाक मारेल तर शपथ, म्हणून यालाच घड्याळ लावून उठावं लागे. असे सोळा दिवस झाले होते. झोप अशी नव्हतीच, नुसतं आडवं होणं होतं.

क्लबात माणसं मोजून अकरा. त्यातले सात गाडी हाकणारे, तीन भाषणं ठोकणारे, आणि उरलेला एक वीदोये. गेली एकोणतीस वर्षं शर्यतीआधी प्रत्येक गाडी तपासून कागदावर सही करायचं काम त्याच्या गळ्यात होतं. त्याची सही नसेल तर गाडी घाटात जायची नाही, एवढा त्या सहीला मान. बदल्यात दुपारचं जेवण आणि एक टोपी. टोप्या घरात ढिगानं झाल्या होत्या, आणि स्तोयांका त्यांत अंडी ठेवायची.

रांगेत एक्केचाळीस गाड्या होत्या. निम्म्या आठवडाभर घरकामाला जुंपलेल्या आणि रविवारपुरत्या शर्यतीच्या झालेल्या. मागची सीट काढली, दारावर आकडा चिकटवला, झाली शर्यतीची गाडी. वीदोये एकेकीचं बॉनेट उघडत होता, चाकं हलवून बघत होता, पट्टे ओढून बघत होता. दर गाडीला एकदा खाली वाकावं लागे आणि दर वेळी उठताना तो देवाचं नाव घेई. ते भक्तीनं नव्हे.

चौदावी गाडी ओब्रादची होती. पांढरी युगो, दारावर बेकरीचं नाव आणि त्यावर आडवातिडवा चिकटवलेला आकडा. ओब्राद गावचा बेकरीवाला. पहाटे चारला भट्टी पेटवायची, सहा वाजता याच युगोत पाव आणि सारण भरलेले बुरेक लादून वरच्या नऊ वाड्यांना पोचवायचे, हा त्याचा रोजचा धंदा. वर्षातून दोनदा हीच गाडी तो घाटात पळवायचा. आणि तो वीदोयेचा कुम होता. ओब्रादच्या लग्नात वीदोये साक्षीला उभा राहिला होता, त्याच्या मुलीला, रुझित्साला, बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेऊन तिचं नाव त्यानंच ठेवलं होतं. सख्ख्या भावाशी भांडण झालं तर चार लोक मध्ये पडून मिटवतात. कुमाशी भांडलात तर लोक तुमच्याकडे बघायचेसुद्धा बंद होतात.

"दोब्रो युत्रो, कुमा!" ओब्रादनं खिडकीतूनच सकाळचा नमस्कार ठोकला. "कर सही आणि सोड. आज मला तो पोझेगाचा टकल्या पाडायचाय."

"बॉनेट उघड," वीदोये म्हणाला.

बॉनेट उघडलं आणि ओब्रादनं नेहमीप्रमाणे कुणी न सांगता ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण फिरवून काढलं. "बघ. मधासारखं आहे."

वीदोयेनं डोळे मिटले. ते ऑइल त्या गाडीत आल्यापासून हे झाकण किती वेळा उघडलं असेल याचा हिशेब त्यालाही लागत नव्हता.

गोष्ट अशी होती. गेल्या ऑक्टोबरात ओब्रादच्या मेहुण्यानं ग्राट्सहून ब्रेक ऑइलचा एक सोनेरी डबा आणला होता. खास शर्यतीचं ऑइल. डब्यावर ठळक आकडा, तीनशे अठ्ठावीस. म्हणजे तीनशे अठ्ठावीस डिग्रीपर्यंत ते उकळत नाही. आपलं पंपावर मिळणारं साधं डॉट फोर दोनशे चाळीसच्या आसपास हात टेकतं. ओब्रादची छाती फुगली होती. वीदोयेनंच ते घातलं, चारही चाकांची एअर काढली, आणि हात पुसत सांगितलं होतं, "नीट ऐक. हे ऑइल तहानेलं असतं. हवेतलं पाणी ओढून घेतं. शर्यतवाले दर शर्यतीला बदलतात ते पैसा जास्त झाला म्हणून नव्हे. तुझी गाडी रोजची आहे. दोन महिने, फार तर तीन. मग माझ्याकडे ये, हे काढू आणि साधं घालू. शर्यतीच्या आदल्या दिवशी पुन्हा नवं घालू."

"एवढं भारी काढून साधं घालू? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या पायाखाली नाहीये ते पेडल. तुझ्या पायाखाली आहे."

ओब्राद हसला होता. नंतर तो ना डिसेंबरात आला, ना फेब्रुवारीत, ना ईस्टरनंतर. वीदोयेनं कानीकपाळी ओरडून सांगितलं. पाव घ्यायला गेला की सांगायचा, चर्चबाहेर भेटला की सांगायचा. ओब्राद दर वेळी म्हणायचा, "येतो रे कुमा, भट्टीतून डोकं वर काढू दे." आणि मधल्या काळात त्या गृहस्थानं भलताच उद्योग मांडला होता. बेकरीच्या मागच्या अंगणात, जिथे भट्टीची आणि फुगत्या कणकेची वाफ सदा भरलेली असायची, तिथे युगो उभी असे. येणाऱ्याजाणाऱ्याला कॉफी द्यायची, अंगणात न्यायचं, बॉनेट उघडायचं आणि झाकण काढून ऑइल दाखवायचं. पोस्टमन, पाद्रीबाबा, पीठवाला, विम्याचा एजंट, कुणी म्हणून सुटलं नाही. "अख्ख्या जिल्ह्यात असं ऑइल दुसऱ्या कुणाच्या गाडीत नाही." पाहुणा मान डोलवायचा, कॉफी संपवायचा, आणि ओब्राद आठवेल तेव्हा झाकण लावायचा. आठ महिने हा सोहळा चालला होता. गावाला त्यात गंमत वाटायची. वीदोयेला आधी राग यायचा, मग कंटाळा यायला लागला.

आता त्यानं टेबलाखालून तपासायचं यंत्र काढलं. छोटा डबा, दोन चिमटे बॅटरीला लावायचे, नळी ऑइलमध्ये बुडवायची. ते थोडंसं ऑइल खरोखर उकळवून आकडा सांगतं. मिनिटभर लागलं. यंत्रानं आकडा दाखवला: एकशे एकसष्ट.

"हे बघ," वीदोये म्हणाला.

ओब्रादनं वाकून बघितलं. "मोडलंय ते."

"तुझ्या आधी तेरा गाड्या तपासल्या. तिथे चांगलं होतं, तुझ्याकडे आल्यावर मोडलं होय?"

"अरे, डब्यावर काय लिहिलंय? तीनशे अठ्ठावीस! तुझं ते चिनी खेळणं खरं आणि ती माणसं खोटी?"

"ती माणसं खरी आहेत. डबा उघडला त्या दिवशी तेवढं होतं. आता त्यात पाणी आहे, कुमा. पाणी उकळलं की वाफ होते. मग तू पाय दाबशील, वाफ दबेल, आणि चाकाला पत्तासुद्धा लागणार नाही."

"आठ महिने पाव पोचवतोय. कडक लागतात ब्रेक."

"पाव पोचवताना ब्रेक तापतात कुठे? घाटात तापतील." वीदोयेनं टेबलाखालून प्लास्टिकची बाटली काढली. साधं डॉट फोर, सील न तोडलेलं, घरून येताना त्यानं याच्यासाठीच आणलं होतं. "अर्धा तास दे. गाडी बाजूला घे, तू पेडल मार, मी एअर काढतो. हे ताजं आहे. तुझ्या त्या जुन्या सोन्यापेक्षा लाख पटीनं बरं."

ओब्रादनं बाटलीकडे असं पाहिलं, जणू कुणी त्याला दुसऱ्याच्या दुकानातला पाव देऊ केला होता. "पंपावरचं? माझ्या गाडीत? त्या टकल्यासमोर?"

मागून हॉर्न वाजायला लागले. शर्यतीचा प्रमुख तिहोमिर, शाळेत व्यायाम शिकवणारा माणूस, शिट्टी तोंडात धरूनच धावत आला. "मिस्त्री, काय चाललंय? अजून सत्तावीस गाड्या आहेत. नऊला रस्ता बंद होतो, एकला उघडायचाय. पोलीस माझा जीव घेतील."

"याचं ऑइल गेलंय."

"गेलंय म्हणजे गळतंय?"

"गळत नाहीये."

"मग बघा ना काय ते तुम्ही दोघं कुम मिळून," म्हणून तिहोमिर शिट्टी फुंकत पुढे पळाला.

ओब्राद जवळ आला. आवाज खाली आणला. "वीदोये, पोरगी सकाळपासून वळणावर जागा धरून बसलीये. गावातली पाच पोरं बरोबर आहेत. तू मला इथे अडवलंस तर मी तिला काय सांगू? तिच्या कुमानंच बाहेर काढलं म्हणून?" आणि मग, जरा थांबून, "नाही म्हणायचं तर म्हण. तुझा अधिकार आहे. पण मग आपल्यात काय उरलं तेही बघ."

वीदोये उभा होता. गुडघ्यात कळ मारत होती. त्याला ठाऊक होतं की काय म्हणायला पाहिजे. ते म्हटल्यावर ओब्राद ओरडणार, मग हा ओरडणार, मग तिहोमिर येणार, मग ओब्रादची बायको फोन करणार, मग आजारी स्तोयांकाच्या कानावर जाणार, आणि येता नाताळ, येता ईस्टर, येणारा प्रत्येक सण त्या एका शब्दात जाणार. हे सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं आणि त्याला फक्त बसावंसं वाटलं. कुठेही. चढ तर आहे, तो मनाशी म्हणाला. चढताना ब्रेक लागतात किती? आठ वळणं. चार मिनिटांचा मामला. आजवर काही झालं नाही.

त्यानं सही केली.

"जिवाचा आहेस!" ओब्रादनं त्याच्या दोन्ही गालांवर आणि पुन्हा एकदा पहिल्या गालावर ओठ टेकवले, झाकण लावलं आणि गाडी पुढे काढली. बाटली टेबलावर तशीच राहिली. वीदोयेनं पंधराव्या गाडीचं बॉनेट उघडायला सांगितलं.

सराव झाला. ओब्राद वर गेला, खाली आला, खिडकीतून अंगठा दाखवून गेला. शर्यतीची पहिली फेरी झाली. ओब्राद आपल्या गटात दुसरा, पोझेगाच्या टकल्याच्या दीड सेकंद मागे. तोही खाली आला. तंबूपाशी थांबताना त्यानं पेडल दोनदा मारलं. एकदा, आणि पाठोपाठ पुन्हा. वीदोयेनं ते पाहिलं.

"नरम लागतंय का?"

"छे! सवय आहे माझी."

"ओब्राद, खरं सांग."

"तू घरी जाऊन झोप बघू. डोळे बघ तुझे, भट्टीतल्या निखाऱ्यासारखे झालेत." आणि तो दुसऱ्या फेरीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

तेव्हा तरी त्याला ओढून बाहेर काढता आलं असतं. वीदोये खुर्चीतून उठला, चार पावलं चालला आणि पुन्हा बसला. सही झालेली होती, आणि झालेल्या सहीचा एक वाईट गुण असा की ती विचार करायचं काम तुमच्या हातून काढून घेते. त्यानं भाकरीचा तुकडा तोडला, कायमाकची साय लावली, आणि तो हातातच राहिला.

लिपनित्साच्या शर्यतीत लोकांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त आवडतं. बाहेरच्याला हे सांगून पटत नाही. चढताना गाडी सप्पकन समोरून जाते, धूर आणि आवाज, की संपलं. सगळ्या गाड्या वर पोचल्या, फेरी पूर्ण झाली, की मग त्या एका ओळीत सावकाश खाली येतात. त्या वेळी ड्रायव्हर खिडकीतून हात बाहेर काढतात, गाडी मुद्दाम कडेला घासून आणतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलेले लोक त्या हातांवर टाळ्या देतात. पोरं तर त्यासाठीच येतात. फिती, दोऱ्या, रखवालदार, सगळं त्या वेळी नावाला उरतं. पोरं डांबरावर येऊन हात पुढे काढून उभी राहतात, आणि ज्याला सगळ्यांत जास्त टाळ्या मिळाल्या तो जिंकला असं आपसात ठरवतात. वीदोयेही तरुणपणी असाच उतरला होता. ब्रेकचा खरा जीव जातो तो या उतरणीत, आणि हे त्याच्याइतकं त्या घाटात कुणाला ठाऊक नव्हतं. सही करताना त्यानं नेमकी चढणच मोजली होती.

दुसऱ्या फेरीत ओब्राद आठव्या क्रमांकावर सुटला. तंबूतल्या स्पीकरवर वेळ आली. टकल्याच्या सगळ्यांत चांगल्या वेळेपेक्षा सात दशांश सेकंद कमी, आणि इथे दोन फेऱ्यांतली चांगली वेळच धरतात. पायथ्याला एकच गलका झाला. कुणीतरी वीदोयेच्या पाठीत थाप मारली, "मिस्त्री, तुमचा कुम पेटलाय!" पेटलाय म्हणजे ब्रेकही तसेच मारलेत, वीदोयेच्या डोक्यात आलं. शेवटच्या वळणात जाईपर्यंत न सोडता पळवलेली गाडी, आणि वर पोचल्यावर लगेच उभी केलेली.

मग वायरलेसवर घाटमाथ्यावरून तिहोमिरचा आवाज आला. एका गाडीचं इंजिन फुटलं होतं, पाचव्या वळणात तेल सांडलं होतं, भुसा टाकून साफ करेपर्यंत सगळ्यांनी आहे तिथेच थांबायचं. पंधरा मिनिटं.

वीदोयेच्या हातातला तुकडा खाली पडला.

गाडी पळते तोवर वारा ब्रेक थंड करतो. सकाळच्या दोन्ही वेळा ओब्राद शेवटच्या काहींत सुटला होता, वर पोचला आणि लगेच उतरला होता. आता तो तापलेली गाडी घेऊन वर उभा होता. वारा नाही, हालचाल नाही. लोखंडातली आग आता निवांतपणे त्या ऑइलमध्ये शिरत असणार. एकशे एकसष्टला ते उकळतं. एकशे एकसष्ट म्हणजे अशा वेळी काहीच नाही.

त्यानं वायरलेस उचलला. "तिहोमिर, ओब्रादची गाडी खाली सोडू नकोस. ओढून आण."

"का? काय झालं?"

"ब्रेक जातील."

"जातील म्हणजे? गेलेत का?" खरखर झाली. "मिस्त्री, वर तो बक्षिसाच्या गोष्टी करतोय. मी त्याला अडवू कशावर? तपासणीच्या कागदावर तुमचीच सही आहे."

"असू दे. मी सांगतोय."

"बोलतो त्याच्याशी," तिहोमिर म्हणाला, आणि तो बोलणार नाही हे त्याच्या आवाजातच होतं. पाठोपाठ त्याचंच दुसऱ्या कुणाशी तरी बोलणं ऐकू आलं: रस्ता साफ झाला, ओळ लावा, निघा.

वीदोये तंबूतून बाहेर आला. समोर शंभर पावलांवर घाटाचं खालचं वळण होतं, त्याला लागून सरळ तीव्र उतार. वळणावर पोरं फितीच्या पुढे आली होती. सगळ्यांत पुढे रुझित्सा. आठ वर्षांची, दोन वेण्या, बाबांच्या गाडीचा आकडा गालावर रंगवलेला. डावा हात कमरेवर, उजवा आधीच पुढे काढलेला.

"मागे व्हा!" वीदोये ओरडला. "फितीच्या मागे!"

पोरं हसली. "कुमा, तुम्हीपण या ना!" रुझित्सा ओरडली. "बाबा पहिले आलेत!"

तो पळायला लागला. एकसष्टाव्या वर्षी, त्या गुडघ्यांनी, चढावर. पळता पळता खिशातून फोन काढला, बोटं दोनदा चुकीच्या नावावर गेली. तिसऱ्यांदा घंटा वाजली. वाजत राहिली. मग ओब्रादचा आवाज आला, मागे इंजिनांची घरघर.

"कुमा! ऐकलंस का वेळ? टकल्या तोंड लपवून बसलाय..."

"गाडीत आहेस?"

"आहे ना, पट्टा लावतोय, माझ्या पुढचा हलला. ठेव, खाली येऊन बोलू."

"हँडब्रेक सोडू नकोस."

"काय?"

"हँडब्रेक सोडू नकोस! ब्रेक दाब. आत्ता. पूर्ण दाब."

"वीदोये, मागे गाड्या..."

"तुला रुझित्साची शप्पथ आहे, ओब्राद! दाब एकदा!"

वीदोये रस्त्याच्या मधोमध थांबला. छातीत भाता चालला होता. फोनमधून इंजिन ऐकू येत होतं, कुणाचा तरी हॉर्न, कुणाचं तरी हसू. मग ओब्रादचा श्वास. मग पेडलचा खट् असा आवाज.

"कुमा," ओब्राद म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "तळाला गेलं."

"पुन्हा मार."

"मारतोय. काही नाहीये त्यात. पायाखाली काहीच नाही."

"इंजिन बंद कर. पहिल्या गिअरमध्ये ठेव. चाकांना दगड लावायला सांग. उतरून बाहेर हो."

वीदोये रस्त्यावरच बसला. पहिल्या गाड्या वरच्या वळणावर दिसायला लागल्या, खिडक्यांतून हात निघाले होते, लोक ओरडत होते. कुणीतरी येऊन त्याला काखेत धरून कडेला नेलं. रुझित्सा पळत आली. "कुमा, तुम्हाला बरं नाहीये का? बाबा कुठे आहेत? आठव्या नंबरला आहेत ना?"

"बाबा येतायत," तो म्हणाला. "गाडी बिघडली त्यांची. ट्रकमधून येतील."

तिचं तोंड पडलं. "पण मी सकाळपासून हात धुवून ठेवलेत." मग ती पुन्हा आपल्या जागेवर गेली आणि बाकीच्यांच्या हातांवर टाळ्या देऊ लागली, पण जीव नव्हता त्यात.

सगळ्यांत शेवटी गाड्या ओढणारा ट्रक आला. पाठीवर पांढरी युगो. ओब्राद चालकाशेजारी बसला होता. खिडकी बंद होती. रुझित्सानं हात हलवला तेव्हा त्यानं तिच्याकडे बघितलं आणि लगेच मान फिरवली.

तंबूत बरीच वर्दळ होती, मांस भाजल्याचा वास, बाटल्या उघडल्याचे आवाज. वीदोये आपल्या टेबलामागे बसला होता. ओब्राद आला आणि समोर उभा राहिला. वीदोयेनं अंदाज केला होता तसं काही झालं नाही. तो रडला नाही, गळ्यात पडला नाही, थँक्यू म्हणाला नाही. टेबलावरच्या ढिगातून त्यानं आपला कागद शोधून काढला आणि सहीवर बोट ठेवलं.

"तुला ठाऊक होतं."

"होतं."

"यंत्रावर दिसलं होतं. तू मला सांगितलंस. ऑइल आणलं होतंस घरून."

"हो."

"मग ही कशाला केलीस?"

वीदोयेला पहिल्यांदा राग आला. तळपायाची आग मस्तकात गेली. "तू काय बोललास ते आठवतंय का? आपल्यात काय उरेल ते बघ म्हणालास. पोरीचं नाव घेतलंस. आठ महिने मी तोंडाची वाफ दवडली, तू पाहुण्यांना ऑइल दाखवत बसलास."

"बोललो. बोललोच," ओब्राद म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे तो ऐकणं जास्त जड जात होतं. "मी गाढव आहे, वीदोये. सगळ्या गावाला माहितीये. या एक्केचाळीस जणांतला प्रत्येक जण गाढव आहे, म्हणून तर आपण घाटात गाड्या पळवतो. म्हणून तर तुला इथे बसवलंय. हट्ट करणं माझं काम होतं. नाही म्हणणं तुझं." "माझी पोरगी होती त्या वळणावर. सगळ्यांत पुढे उभी होती ती. हात बाहेर काढून मी तिच्यापाशीच गाडी आणली असती."

वीदोयेचा राग आला तसा गेला. सांगण्यासारखं खूप होतं. एकोणतीस वर्षं होती. स्तोयांकाचा खुबा होता, सोळा रात्री होत्या. तिहोमिरची शिट्टी होती, मागचे हॉर्न होते. यातलं काही खोटं नव्हतं.

"थकलो होतो, कुमा," तो म्हणाला.

बाहेर स्पीकरवर गटातल्या पहिल्या नंबराचं नाव घेतलं गेलं, ओब्रादचंच, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. दुसऱ्यांदा पुकारलं. तो जागचा हलला नाही, आणि वीदोयेनंही त्याला जा म्हटलं नाही. एकोणतीस वर्षांत किती ड्रायव्हरांनी या टेबलासमोर उभं राहून हेच म्हटलं होतं, थकलो होतो, राहून गेलं मिस्त्री, आणि त्यानं एकाचंही ऐकून घेतलं नव्हतं. प्रत्येकाची गाडी त्यानं परत पाठवली होती. तिसऱ्यांदा नाव पुकारलं, तेव्हा रुझित्सा तंबूच्या दाराशी येऊन विचारायला लागली, बाबा बक्षीस घ्यायला का येत नाहीत.